कामिल्लाचा चेहरा

पोलोनिया चार वर्षांची असताना तिला एकोणीस दिवस एक आई भाड्याने मिळाली होती. खरं म्हणजे भाड्याने गेली होती ती पोलोनियाच.

बोलोन्या शहरातल्या अनाथांच्या घराला रस्त्याकडच्या भिंतीत एक फिरतं लाकडी पिंप होतं. बाहेरून मूल ठेवायचं, पिंप फिरवायचं, घंटी ओढायची आणि पळ काढायचा. पोलोनिया तशीच आत आली होती. अशी आलेली पोरं वर्षाच्या आत बहुतेक निम्मी मरत. ही तगली. डोक्यावर तांब्याच्या रंगाचे दाट केस, हनुवटीला कुणी ओल्या मातीत बोट टेकवावं तशी खळी आणि डोळे राखाडी, त्यातल्या डाव्या डोळ्यात एक तपकिरी ठिपका. म्हणूनच चित्रकार एर्कोले एका सकाळी त्या घरात आला आणि ओळीने उभ्या केलेल्या पोरींवरून नजर फिरवत गेला, तेव्हा हिच्यापाशी थांबला.

"ही द्या. आणि दोन तान्ही द्या, कुठलीही. त्यांना मी रंगवताना गुटगुटीत करीन."

त्या दिवसांत बोलोन्यातल्या मोठ्या घरच्या बायकांना करुणेचं रूप घेऊन चित्रात बसायची भारी हौस होती. करुणा म्हणजे आई: एक मूल छातीशी, एक मांडीवर, एक गुडघ्याला टेकून उभं. ज्यांना पोरं होती त्या स्वतःची घेऊन बसत. सरदारघराण्यातल्या कोंतेसा लाउदोमियाच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. सासू जेवणाच्या टेबलावर, वाढप्यांच्या देखत म्हणाली होती, "पोटात राहत नाहीत तर निदान पटावर तरी दिसू देत पोरं. बघून बघून एखादं होईल." म्हणून चित्र काढायचं ठरलं.

कोंतेसाला तान्ह्या मुलांचा वास सहन व्हायचा नाही. मग मांडीवर उशी, उशीवर दुपटं, दुपट्यावर मूल. आणि खुर्चीमागे लपलेली एक दाई दुपट्याखालून दोन्ही पोरं हातांनी तोलून धरायची. पोलोनियाला मात्र कुणी धरायची गरज नव्हती. तिला निळा झगा घातला, कोंतेसाच्या गुडघ्याशी उभं केलं. चित्रकार म्हणाला, "बाईसाहेब, हात तिच्या डोक्यावर. हां, असाच राहू दे. आणि तू, पोरी, वर बघ. बाईंच्या तोंडाकडे. हलायचं नाही."

पोलोनिया हलली नाही. दर तासाला एक साखरेचा बदाम मिळायचा, दुपारी पांढरा पाव. पण ती हलत नव्हती ती बदामासाठी नव्हे. डोक्यावर हात होता म्हणून. जन्मात कुणी तो तसा ठेवला नव्हता. हात थंड होता आणि त्यातल्या अंगठ्या टोचायच्या. विसाव्या दिवशी दाईने निळा झगा उतरवला, तिचं तरटासारखं कापड पुन्हा तिच्या अंगावर चढवलं, आणि मागच्या दाराने तिघांना परत पाठवलं. ती दोन तान्ही त्याच वर्षी थंडीत गेली.

अनाथघरात तिची थट्टा सुरू झाली ती वर्षानुवर्षं टिकली. "उठा गं, कोंतेसाची लेक आली." "बाईसाहेब, आज भोपळ्याची साल चालेल ना?" पोलोनिया चिडायची नाही. थट्टेतलं 'लेक' तेवढं उचलून घ्यायची आणि बाकीचं सोडून द्यायची.

तेरा वर्षांची झाली तेव्हा फेरारा शहरातून एक कारभारी आला. कोंते अस्तोर्रे आणि त्याची बायको कोंतेसा लाउदोमिया आठ वर्षांपूर्वी तिकडे राहायला गेले होते, मोठ्या हुद्द्यावर, आणि त्यांना स्वयंपाकघरात दोन मुली हव्या होत्या. अनाथघरातल्या मुली स्वस्त पडतात आणि त्यांच्या मागे भांडायला येणारं कुणी नसतं. पोलोनियाने ते नाव ऐकलं आणि अनाथघराच्या थोरल्या माईंच्या पायांशी जाऊन बसली.

"मला पाठवा माई."

"तेच घर कशाला?" माई वाकळ शिवत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"मला ते घर माहीत आहे."

"काय माहीत आहे? त्या घरी तू मूल म्हणून गेली नव्हतीस, पोरी. सामान म्हणून गेली होतीस. खुर्ची आणली, उशी आणली, तशी तुला आणली."

"त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता."

"चित्रकाराने ठेवायला लावला होता."

"तरी ठेवला होता ना."

माईंनी दोरा दाताने तोडला. "जा मग. हौस आहे तर फिटू दे."

फेराऱ्याच्या वाड्याचं स्वयंपाकघर तळमजल्यावर होतं आणि त्यावर राज्य होतं मेंगाचं. मेंगा बोलोन्याची, कोंतेसाबरोबर आलेली, जुन्या नोकरांतली एवढी एकच उरलेली. तिने दोन्ही नव्या मुलींना उजेडात उभं केलं. पोलोनियाचं तोंड ती निरखून बघत राहिली. दुसरीला विहिरीवर पाठवलं आणि दार लावून घेतलं.

"टोपी घाल. केस सगळे आत. एक बट बाहेर दिसली तर कापून टाकीन."

"का मावशी?"

"का काय? तू या घरात मेलेली आहेस."

मग कांदे सोलत, हळू आवाजात, तिने सगळं सांगितलं. फेराऱ्यात आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात कुणी पाहुणीने दिवाणखान्यातलं ते चित्र पाहून विचारलं होतं, ही आपली मुलं का? कोंतेसा म्हणाली, हो. पुढचा प्रश्न साहजिकच, कुठे आहेत ती? आणि कोंतेसाच्या तोंडून निघून गेलं, देवाघरी. एकाच वर्षी, तापाने, तिन्ही. इथे कुणी ओळखीचं नव्हतं. वांझ बाई म्हणून जिच्याकडे बघितलं जायचं तिच्यापुढे आता बायका डोळे पुसायला लागल्या. कोंतेला विचाराल तर, वारस गमावलेला पुरुष हा वारस न झालेल्या पुरुषापेक्षा केव्हाही बरा. त्याने मान डोलावली. पोरांना नावं मिळाली: अल्फोन्सो, ओत्ताव्यो आणि थोरली कामिल्ला.

"ती तान्ही खरंच गेली," पोलोनिया म्हणाली. "त्याच वर्षी."

"मग त्यांच्यापुरतं बाई खरं बोलते. तू तेवढी उरलीस." मेंगाने सोललेला कांदा तिच्या हातात दिला. "आता ऐक, टवळे. वर जायचं नाही. जिना तुझ्यासाठी नाही. मोरी, विहीर आणि हे चार कोपरे. मी तुला परत पाठवलं असतं, पण परतीचा गाडीखर्च कोण देणार?"

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी कोंतेसा तिन्ही मुलांच्या आत्म्यांसाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे मोठी प्रार्थना, सांगायची. सगळे नोकर चर्चमध्ये मागच्या बाजूला गुडघे टेकून बसत. पाद्रीने नावं घेतली. कामिल्ला म्हणताच पुढच्या बाकावर काळ्या जाळीखाली कोंतेसाचे खांदे हलायला लागले. ती ढोंग करत नव्हती. आठ वर्षं दर नोव्हेंबरला रडून रडून तिच्या आत खरीच एक मुलगी तयार झाली होती, आणि ती खरीच मेली होती.

दुसरी कुणी असती तर स्वतःचीच मिस्सा ऐकून हबकली असती. पोलोनियाला ऊब आली. आपल्यासाठी कुणीतरी रडतंय. एवढ्या मोठ्या चर्चमध्ये, मेणबत्त्या लावून. तिने खाली मान घालून ते नाव जिभेवर फिरवलं. त्या दिवसापासून भांडी घासताना, हात क्षाराच्या पाण्यात घालताना ती मनात स्वतःला कामिल्ला म्हणायला लागली. मोरीत ती पोलोनिया असायची, पण आत कुठेतरी तिचं घर होतं आणि त्या घरात तिची आई तिच्यासाठी झुरत होती.

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी कार्निवालच्या आठवड्यात मोठी मेजवानी होती आणि वाढणाऱ्या मुलींपैकी एक तापाने पडली. नव्या कारभाऱ्याला चित्राची भानगड ठाऊक नव्हती. तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "ए उंच पोरी, हात धुवायचं तस्त घे आणि वर चल." मेंगा तेव्हा भट्टीपाशी भाजलेल्या हंसाला पाठ न देता उभी होती, तिला कळेपर्यंत पोलोनिया जिन्यावर पोचली होती.

जिन्याच्या वळणावर तिने तस्त खाली ठेवलं. टोपीतून दोन बटा ओढून बाहेर काढल्या, कानांवर नीट बसवल्या. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तिला वाटत होतं, बाई बघतील, क्षणभर थांबतील, आणि काहीतरी होईल. काय होईल, तेवढा विचार तिने केला नव्हता.

दिवाणखान्यात चित्र कोंतेसाच्या खुर्चीच्या बरोबर मागे टांगलं होतं. पोलोनियाने अकरा वर्षांनी स्वतःला पाहिलं. निळा झगा, तांब्याचे केस, वर उचललेलं तोंड, आणि त्या तोंडावर असा भाव की तो रंगांतून आला यावर विश्वास बसू नये. ती पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालत पुढे सरकली.

दोन्ना जिनेव्रा नावाची एक विधवा होती. शहरातल्या सगळ्यांच्या पत्रिका तिच्या जिभेवर. तिने तस्तावर हात धरले, पोलोनियाकडे पाहिलं, मग कोंतेसाच्या डोक्यावरून भिंतीकडे, मग पुन्हा पोलोनियाकडे.

"लाउदोमिया, तुझी कामिल्ला असती तर आज केवढी असती गं?"

"पंधरा," कोंतेसा म्हणाली. तिने अजून पाहिलं नव्हतं.

"मग ती माझ्या हातांवर पाणी घालतेय असं का वाटतंय मला?"

कोंते अस्तोर्रे ताटातला हंस कापत राहिला. कोंतेसाने मान वळवली आणि पोलोनियाला पाहिलं. तिच्या गालावरचा रंग उतरला नाही, आवाजही नाही.

"मुली, बाईंना सांग तू कोण ते."

पोलोनियाला त्या क्षणी काहीही बोलता आलं असतं. आणि तिला जे खरोखर वाटत होतं तेच ती बोलली, म्हणजे आईला वाचवायला लेक जे बोलेल ते.

"मी बोलोन्याच्या अनाथघरातली, बाईसाहेब. मी धाकट्या कामिल्लाबाईंसारखी दिसते म्हणून आमच्या कोंतेसाबाईंनी मला दया करून ठेवून घेतलं. मला बघून त्यांना त्रास होतो. तरी ठेवलंय."

टेबलाच्या पलीकडून कुणी तरी हुंदका दिला. कोंतेसा उठली, जवळ आली आणि सगळ्यांच्या देखत तिने पोलोनियाच्या डोक्यावर हात ठेवला. थंड, अंगठ्यांचा. पोलोनियाने तोंड वर केलं आणि तस्तातलं पाणी जमिनीवर सांडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला वर बोलावणं आलं. ती तोंड धुऊन गेली. कोंतेसा चित्राखाली उभी होती.

"काल छान बोललीस."

"आपल्यासाठी, बाईसाहेब."

"काय हवंय तुला?"

"काही नको."

"काही नको म्हणणारे सगळ्यात महाग पडतात. बोल. कापड? हुंडा?"

पोलोनियाने चित्राकडे पाहिलं. "एकदा मला कामिल्ला म्हणा. इथे कुणी नाही."

कोंतेसाच्या चेहऱ्यावर आता प्रथमच काहीतरी हललं. ते प्रेम नव्हतं आणि भीतीही नव्हती. एखाद्याने थडग्यावर पाय ठेवावा तशी ती चिडली होती.

"हात दाखव."

पोलोनियाने हात पुढे केले. क्षाराने सोललेले, भेगाळलेले, नखांत काजळी.

"ही माझ्या मुलीची बोटं? माझी कामिल्ला वीणा वाजवायला शिकत होती. ती झोपताना मला बोलावून घ्यायची. तू कोण? तुझ्या तोंडाला तिचं तोंड चिकटलंय एवढंच. तुला ते कुणी दिलं?"

"तुम्हीच, बाईसाहेब. मी तिथे उभी होते. चित्रकारबुवा म्हणाले होते, वर बघ..."

"गप्प."

कोंतेसा मूर्ख नव्हती. मुलीला हाकलून दिलं तर ती आपलं तोंड घेऊन शहरभर फिरणार, आणि जिनेव्राला नेमकं तेच हवं होतं. मेलेल्या मुलांऐवजी भाड्याची मुलं निघाली तर ते हसू सात पिढ्या पुरलं असतं. मुलीचं तोंड बदलता येत नाही, पण चित्राचं येतं.

गास्पारे नावाचा एक म्हातारा रंगारी होता. चर्चमधल्या धुरकटलेल्या संतांना पुन्हा गोरं करणं हे त्याचं काम. धुराने चित्र खराब झालं आहे असं सांगून त्याला बोलावलं. खिडकीपाशी लाकडी घोडी लावली, चित्र उतरवून तिच्यावर चढवलं, आणि समोर स्टुलावर पोलोनियाला बसवलं. टोपी काढून.

"हिला बघून काढायचं का बाईसाहेब?" गास्पारेने विचारलं.

"हिला बघून काढून टाकायचं. जे जे हिच्यात दिसेल ते चित्रातून घालवा. नंतर ही शेजारी उभी राहिली तरी कुणाला संशय येता कामा नये."

म्हाताऱ्याने दोघींकडे पाहिलं. पोटासाठी माणूस बरंच काही करतो. त्याने रंग घोटायला घेतले.

नऊ सकाळी पोलोनिया त्या स्टुलावर बसली. पहिल्या दिवशी हनुवटीची खळी बुजली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तांब्याच्या केसांवर काळपट तपकिरी रंग चढला, एक एक पुंजका करून. गास्पारे तिच्याकडे बघायचा, कुंचला भिजवायचा, आणि तिचं काहीतरी नाहीसं व्हायचं. तिला समोरून सगळं दिसत होतं, कारण घोडी तिच्याकडे अर्धी तिरकी होती.

"मान बरी स्थिर ठेवतेस," एकदा तो म्हणाला. "याआधी बसली होतीस वाटतं कुणापुढे?"

"हो."

"कुणी शिकवलं?"

"सांगितलं होतं, हलू नकोस."

पाचव्या दिवशी डोळे तपकिरी झाले. डाव्यातला ठिपका त्या रंगात बुडून गेला. त्या दिवशी ती खाली येऊन मोरीपाशी बसली ती संध्याकाळपर्यंत. मेंगाने तिला एक धपाटा घातला, मग पुढ्यात भोपळ्याचे कानवले ठेवले. तिने खाल्ले नाहीत. "आरशात बघ जा," मेंगा म्हणाली, "तुझं तोंड आहे तिथेच आहे." पण स्वयंपाकघरात आरसा कुठला?

नवव्या दिवशी काम संपलं. झगा निळाच होता, डोक्यावरचा हात तोच होता. त्या हाताखाली एक अनोळखी मुलगी उभी होती, कुणाचीही नसलेली, नीटस आणि बेचव. गास्पारेने कोंतेसाला बोलावलं.

ती आली, पाहिलं, आणि जवळच्या खुर्चीवर कोसळली.

"ही कोण?"

"आपणच म्हणाला होतात, बाईसाहेब..."

"माझी कामिल्ला कुठे आहे?"

म्हातारा कुंचले गोळा करायला लागला. कोंतेसा तोंडावर हात घेऊन अशी रडली की खालचे नोकर जिन्यात येऊन उभे राहिले. इतकी वर्षं ती त्या चेहऱ्याशी बोलत होती. आता तो तिनेच पुसून टाकायला लावला होता, आणि कुणाला तरी दोष दिल्याशिवाय तिला श्वास घेता येईना. स्टुलावरून पोलोनिया उठली होती. तिने एक पाऊल पुढे टाकलं. काहीतरी करावं, निदान पाणी द्यावं, एवढंच तिच्या मनात होतं.

"तू," कोंतेसा म्हणाली. "तू आली नसतीस तर ती इथे होती. तू मारलंस तिला. नजरेसमोरून जा."

तरी लगेच जाऊ दिलं नाही. कामं उरली होती. लेंटचे उपवास सुरू होण्याआधी दोन्ना जिनेव्राला पुन्हा जेवायला बोलावलं आणि पोलोनियाला मुद्दाम उघड्या केसांनी तस्त घेऊन उभं केलं. जिनेव्रा चित्राकडे बघत राहिली. मग पोलोनियाकडे. तीनदा तरी तिने मान इकडून तिकडे केली. "नाही गं," ती शेवटी म्हणाली, "त्या दिवशी वाईन जड होती की काय कोण जाणे. कशात काही नाही." चित्र स्वच्छ केल्यावर किती उजळलं, असं बाकीचे म्हणाले. जो तो सांगितलं तेच बघत होता.

ईस्टरनंतर चर्चमध्ये जाहीर झालं की कोंतेसा लाउदोमिया आपल्या दिवंगत मुलीच्या, कामिल्लाच्या, आत्म्यासाठी एका अनाथ मुलीचं लग्न लावून देत आहेत. हुंडा शंभर लिरे आणि अंथरुणाचं सामान. पोलोनियाने पायरीवर गुडघे टेकून कोंतेसाच्या हाताचं चुंबन घेतलं. हात लगेच मागे गेला. पाद्री म्हणाला, या बाई चित्रात करुणा आहेत तशाच जिवंतपणीही आहेत, आणि बायकांनी रुमाल काढले.

नवरा कारभाऱ्याने शोधला होता. वाड्यावर वाम मासे पुरवणारा कोमाक्योचा बियाजो, पंचेचाळीस वर्षांचा. दोन बायका पुरलेल्या, दुसरीची एक मुलगी घरात. हाताचा जलद, असं त्याच्याबद्दल मेंगाने ऐकलं होतं. मासे मारण्याबद्दल ते बोलणं नव्हतं. निघताना तिने पोलोनियाला मसाल्याच्या पावाची पुरचुंडी दिली.

"तिथे कुणाला चित्राचं सांगू नकोस. हसतील."

पोलोनियाने सांगितलं. आणि ते हसले. कोमाक्योच्या खाजणात, जिथे अर्धं गाव गुडघाभर पाण्यात उभं राहून वाम पकडतं आणि उरलेलं अर्धं त्यांना खारवतं, तिथे तिचं नाव 'कोंतेसा' पडलं. "कोंतेसा, टोपली उचल." "कोंतेसाबाई, आपल्या नाकाला वास येतो का?" बियाजो दारू पिऊन आला की तो वेगळ्या नावांनी हाक मारायचा, आणि मग हात.

बियाजोची मुलगी ओर्सोला चार वर्षांची होती. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी पोलोनिया चुलीपाशी बाजरीची लापशी ढवळत होती. पोर मागून आली, तिच्या घागऱ्याला लोंबकळली आणि म्हणाली, "मा."

पोलोनियाने मागे वळून तिला थोबाडीत मारली. पोर माशांच्या टोपलीवर जाऊन आदळली.

"मी तुझी आई नाही. पुन्हा म्हणायचं नाही."

मारल्यावर तिला स्वतःलाच कळेना हात कुठून आला. पण पोरीला उचलायला ती वाकली नाही. लापशी लागायला आली होती. ओर्सोला रडली, थांबली, आणि त्या दिवसानंतर तिने तो शब्द कधी काढला नाही. दुसराही कुठला काढला नाही. बोलवायचं असलं तर 'ए' म्हणायची.

पोलोनियाला स्वतःला दोनदा मुलं झाली. पहिला मुलगा तीन दिवस जगला, दुसरी मुलगी जन्मलीच मेलेली. सुईण म्हणाली, "रड गं बाई, मोकळी हो." पोलोनिया म्हणाली, "कुणासाठी?" गावातल्या बायकांना ते फार दिवस आठवत राहिलं आणि त्यांनी ठरवून टाकलं, ही वाईट आहे. त्या फारशा चुकल्या नव्हत्या. ओर्सोलाला ती कधी उपाशी ठेवत नव्हती आणि कधी जवळही घेत नव्हती. हिवाळ्यात पोर कुडकुडायला लागली की तिच्या अंगावर पोतं टाकायची, हात न लावता.

ओर्सोला अकरा वर्षांची असताना बियाजो होडीतून पडून बुडाला. त्याच पावसाळ्यात पोलोनियाला खाजणाचा ताप चढला. इतका, की शेजारणीने पाद्रीला बोलावून आणलं. तो दारातच उभा राहिला. आत वास होता. पोलोनिया डोळे मिटून पडली होती, पण तिला ऐकू येत होतं.

"प्रार्थनेत काय म्हणू? ही तुझी आई ना?" त्याने ओर्सोलाला विचारलं.

"नाही."

"मावशी? आत्या?"

"कुणी नाही. घरातली आहे."

पाद्रीने मरणाऱ्याला लावायच्या तेलाची बाटली काढली, घाईघाईने पुटपुटला आणि दुसऱ्या घरी गेला. त्या आठवड्यात त्याला घरं फार होती. ओर्सोलाने दार लोटलं. पोलोनियाच्या मानेखाली हात घालून तिला उठवून बसवलं, धान्याचं पोतं उचलावं तितक्याच जोराने, आणि लाकडी चमचा ओठांवर आदळला.

"तोंड उघड."

लापशी खारट होती आणि नीट शिजलेली नव्हती. पोलोनियाने गिळली. दुसरा चमचा आला, तोही गिळला. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण ते काय हे तिला सापडलं नाही, आणि ओर्सोला थांबतही नव्हती.

ती वाचली. पुढे एकोणीस वर्षं दोघी त्याच खोलीत राहिल्या, एकाच बिछान्यावर पाठीला पाठ लावून झोपल्या, वाम सोलायच्या, मीठ लावायच्या, पिंपात दाबून भरायच्या. ओर्सोलाचं लग्न झालं नाही. 'कोंतेसाच्या घरची' म्हणून तिला मागणी आली नाही. भांडायच्या क्वचित. बोलायच्या त्याहून क्वचित. पोलोनिया गेली ती जानेवारीत, वामांच्या हंगामाचा शेवट होता. ओर्सोलाने तिला न्हाऊ घातलं, तांब्याचे केस तोवर पार पांढरे झालेले, ते विंचरून टोपीत घातले. दुपारच्या आत पुरून ती परत आली, कारण अर्धं पिंप उघडं राहिलं होतं आणि मीठ लागलं नाही तर मासे टिकत नाहीत.